“कडक हुत्या की डॉक्टर!” : पुरात ड्राय आइसवर ठेवलेल्या रेतकांड्यांचं प्रकरण

नोव्हेंबर २०१९च्या पहिल्या आठवड्यात हातकणंगले तालुक्यातल्या एका दूध संस्थेच्या सचिवांचा फोन आला. गावाचं आणि संस्थेचं नाव इथे देत नाही, कारण चूक कुणाच्या दुष्टाव्याने झालेली नव्हती आणि ती माणसं अजून तिथेच काम करतात. सचिव म्हणाले, “डॉक्टर, गाई उलटायल्यात. म्हशी तर एक बी गाभण दिसंना. पोराचा हात बिघडलाय का काय, एकदा येऊन बघून जावा.”

उलटणं म्हणजे रेतन करूनही गाभण न राहता जनावर पुन्हा माजावर येणं. पोरगा म्हणजे संस्थेचा कृत्रिम रेतन करणारा कर्मचारी. सात वर्षांचा अनुभव, हात चांगला. एरवी तक्रार आली तर ती त्याच्या मोटरसायकलच्या वेगाबद्दल.

जाताना माझ्या डोक्यात कारण ठरलेलं होतं, आणि ते चुकीचं निघालं. ऑगस्टच्या पुरात पंचगंगा कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांवर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४३. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद राहिला. हे गाव माळावर, त्यामुळे घरांत पाणी शिरलं नाही, पण नदीकाठच्या मळीच्या रानातला ऊस आणि मका कुजला. जनावरांनी महिनाभर मिळेल ते खाल्लं. पेंड नाही, मिठाचा दगडही नाही. अशा जनावरांचा माज मुका होतो, म्हणजे बाहेरून कळत नाही, आणि गर्भ टिकत नाही. त्यामुळे ‘पुराचा ताण, खनिज मिश्रण द्या, दोन महिने थांबा’ असं लिहून देऊन परत यायचं, एवढाच माझा बेत होता.

संस्थेत चहा येईपर्यंत रेतनाची नोंदवही चाळत बसलो. या पोराची एक सवय कामाला आली. प्रत्येक रेतनापुढे तो वळूचा क्रमांक आणि कांडीची (वळूचं गोठवलेलं वीर्य भरलेल्या बारीक नळीची) बॅच तर लिहायचाच, शिवाय कांडी ‘मो.’ मधून काढली की ‘ल.’ मधून, तेही लिहायचा. कांड्या द्रव नायट्रोजनच्या भांड्यात ठेवतात. मो. म्हणजे केंद्रावरचं ३५ लिटरचं मोठं भांडं. ल. म्हणजे मोटरसायकलला बांधून नेतो ते ३ लिटरचं लहान. सरकारी कागदात याला ‘द्रवनत्र पात्र’ म्हणतात. गावात सगळे ‘कंटेनर’ किंवा नुसतं ‘नायट्रोजन’ म्हणतात.

पेन्सिलीने दोन रकाने पाडले. १३ ऑगस्टनंतर मोठ्या भांड्यातल्या, पण पुराच्या आधीपासूनच्या कांड्यांनी ४१ जनावरं भरवलेली, म्हणजे रेतन केलेली. त्यातली ३ गाभण. लहान भांड्यातल्या पुराआधीच्याच कांड्यांनी २२ भरवलेली, त्यातली ९ गाभण. हात तोच, गोठे तेच, चारा तोच, पूरही तोच. जनावरांच्या ताणाने हा फरक पडला असता तर तो दोन्ही रकान्यांत सारखा दिसायला हवा होता.

“मोठ्यातल्या कांड्यांचं पुरात काय केलं होतं रे?”

तो गप्प. मग सचिवच म्हणाले, “त्या आमी वाचिवल्या की, डॉक्टर. ड्राय आइसमदी.”

हे सचिवांनी अभिमानानेच सांगितलं होतं.

झालं होतं असं. ८ ऑगस्टला पोराने मोठ्या भांड्यात पट्टी बुडवली. पट्टी म्हणजे भरीव लाकडी फूटपट्टी. ती तळापर्यंत सोडायची, दहा-पंधरा सेकंद ठेवायची, वर काढून हवेत हलवायची. जिथवर ती द्रवात होती तिथवर पांढरं दव चढतं. (पोकळ नळी कधी बुडवू नये, वरच्या टोकातून नायट्रोजन कारंजासारखा तोंडावर येतो.) दव ५ सेंटिमीटरपर्यंत चढलं. केंद्राच्या भिंतीवर जुना तक्ता आहे, त्यावर लिहिलंय : ‘१० सेंटिमीटरच्या खाली पातळी जाऊ देऊ नये’. पुरवठ्याची गाडी त्याच आठवड्यात यायची होती, पण ती पुराच्या पलीकडे अडकलेली. मोठ्या भांड्यात १६० च्या आसपास कांड्या होत्या. मुऱ्हा, जर्सी, होल्स्टिन संकर. काही कांड्या संस्थेने खास मागवलेल्या.

सचिवांच्या भाच्याने मोबाइलवर वाचलं की करोनाच्या… नाही, करोना तेव्हा आलाच नव्हता, माझी जीभ आता त्याच वळणावर जाते. त्याने वाचलं ते एवढंच की औषधं आणि जैविक नमुने ड्राय आइसमध्ये पाठवतात. ते खरंच आहे. इचलकरंजीकडच्या रस्त्यावर एका आइस्क्रीम वितरकाकडे ड्राय आइस मिळतो हेही त्यालाच ठाऊक. त्याच दिवशी भर पावसात बोलेरो काढून १५ किलो आणला. थर्माकोलच्या पेटीत पसरला, वर कांड्यांचे गॉबलेट (कांड्या उभ्या ठेवायचे छोटे पेले) ठेवले, झाकणाला चिकटपट्टी लावली. १० तारखेला आणखी १० किलो. १३ तारखेला नायट्रोजनची गाडी पोचली, मोठं भांडं भरलं, कांड्या परत आत.

“कडक हुत्या की डॉक्टर!” पोरगा आता बोलता झाला. “मी सोता बगितल्या. एक बी पातळ झाली न्हवती. हाताला चटका बसत हुता.”

त्याचा एक शब्दही खोटा नव्हता, आणि तरी कांड्या मेलेल्या होत्या. कशा, ते सांगायला दोन आकडे लागतात.

द्रव नायट्रोजन उकळतो उणे १९६ अंश सेल्सियसला. ड्राय आइस, म्हणजे घन कार्बन डायऑक्साइड, उणे ७८.५ अंशांना न वितळता थेट वायू होतो. (द्रव व्हायला त्याला वातावरणाच्या पाचपटीहून जास्त दाब लागतो, म्हणून पेटीत कधी ओल राहत नाही. ‘कोरडा बर्फ’ हे नाव त्यावरूनच पडलं.) दोन्हींच्या मध्ये ११७ अंशांचं अंतर. उकळत्या पाण्यात आणि साध्या बर्फात १०० अंशांचं असतं, म्हणजे हे त्याहून मोठं. पण माणसाच्या बोटाला उणे ७८ आणि उणे १९६ हे दोन्ही ‘चटका बसतो’ असेच कळतात. डोळ्याला दोन्हीकडे पांढरी वाफच दिसते, आणि तीही नायट्रोजनची किंवा कार्बन डायऑक्साइडची नव्हे, हवेतल्याच बाष्पाची. कांडी दोन्हीकडे कडकच लागते.

भाच्याचा हिशोब वेगळ्याच ठिकाणी चुकला. त्याला वाटलं, १५ किलो टाकला तर थंडी जास्त, आणखी १० टाकला तर अजून जास्त. चहाचं आधण एकदा उकळायला लागलं की चूल कितीही पेटवा, पाणी १०० च्या वर जात नाही, नुसतं लवकर आटतं. ड्राय आइसचंही तसंच. एक किलो असो की क्विंटलभर, मोकळ्या हवेच्या दाबाखाली तो उणे ७८.५ ला अडून बसणार. जास्त घातला तर जास्त दिवस टिकतो, एवढंच.

आणि तो टिकतो मात्र भारी. इथेच लोक फसतात. एक किलो ड्राय आइस वायू होताना सुमारे ५७० किलोज्यूल उष्णता शोषतो. एक किलो द्रव नायट्रोजन उकळून संपताना फक्त १९९. किलोला किलो लावला तर ड्राय आइस जवळजवळ तिप्पट ‘दमदार’. थर्माकोलच्या साध्या पेटीतही तो दोन-तीन दिवस दिसतो. साध्या पेटीत नायट्रोजन ओतला असता तर बघता बघता उडून गेला असता. संध्याकाळी पेटी उघडून बघणाऱ्याला त्यात भरपूर पांढरा माल दिसत होता, आणि सगळं ठीक आहे अशी त्याची खात्री पटत होती.

पण कांडीतल्या वीर्याला ड्राय आइस किती उरला याच्याशी देणंघेणं नसतं. त्याला उणे १३० च्या खाली राहायचं असतं.

हा १३० कुठून आला, तर असा. पाव मिलिलिटरच्या कांडीत शुक्रजंतूंबरोबर अंड्याचा पिवळा बलक किंवा तत्सम द्रावण, साखर, ग्लिसरॉल असतं. ती गोठवताना सगळ्या पाण्याचा बर्फ होत नाही. बर्फाच्या कणांच्या मधल्या फटींत ग्लिसरॉलचं दाट द्रावण उरतं आणि शुक्रजंतू त्या फटींत अडकलेले असतात. अजून खाली नेलं की उणे १२० ते १३० च्या आसपास त्या द्रावणाची काच होते. आपल्या चिक्कीचा पाक असतो तशी. चिक्कीत साखरेचे दाणे नसतात, कडक झालेला पाक असतो, आणि त्यात शेंगदाणा जागचा हलत नाही. काच झाली की कांडीतलं सगळं थांबतं. त्या अवस्थेत वर्षं, दशकं काढता येतात.

उणे ७८ ला मात्र ती काच नसते. बाहेरून कडक, पण आतल्या फटींत पाण्याचे रेणू अजून सरकू शकतात. बर्फाचे बारीक कण विरून मोठ्या कणांना जाऊन मिळतात, मोठे अजून मोठे होतात. उन्हाळ्यात लाइट जाऊन येऊन परत गोठलेलं आइस्क्रीम खाल्लं असेल तर ही गोष्ट जिभेला माहीत आहे. मऊपणा जातो, बर्फाचे खडे लागतात. तोच खडा शुक्रजंतूच्या आवरणाशेजारी वाढला की काय होतं ते वेगळं सांगायला नको. परत नायट्रोजनमध्ये टाकल्यावर कांडी पुन्हा उणे १९६ ला जाते, पण फाटलेलं आवरण शिवलं जात नाही.

आता माझीच एक अडचण. गाडीत बसून परत निघालो तेव्हा मला शिकतानाचा इतिहास आठवला आणि माझीच बाजू लंगडी वाटायला लागली. ग्लिसरॉलमुळे शुक्रजंतू गोठवूनही जगतात हे लंडनच्या मिल हिलमधल्या संस्थेत क्रिस्टोफर पोल्ज, ऑड्रे स्मिथ आणि ॲलन पार्क्स यांनी १९४९ मध्ये दाखवलं. त्यानंतरची काही वर्षं वळूंचं गोठित वीर्य चक्क ड्राय आइस आणि अल्कोहोलच्या मिश्रणात, उणे ७९ ला ठेवत असत. त्यातून वासरं झाली. द्रव नायट्रोजनची चांगली भांडी बाजारात आली ती नंतर. मग पोल्जच्या काळात जे चाललं ते हातकणंगल्यात का चालू नये?

फरक तीन होते, आणि ते मला एकाच वेळी सुचले नाहीत.

त्या काळचं वीर्य उणे ७९ पर्यंतच नेलेलं होतं आणि तिथेच ठेवलेलं होतं. ते वर-खाली झालं नव्हतं. तरी ते महिन्यांगणिक मंदावत गेलं, म्हणून तर पुढे सगळं जग नायट्रोजनकडे वळलं. दुसरं, तेव्हा काचेच्या जाड कुप्या असत. आजची कांडी म्हणजे शीतपेयाच्या नळीहून बारीक प्लास्टिकची नळी. तिचं तापमान काही सेकंदांत बदलतं. म्हणून तर आम्ही पोरांना घोकून घेतो, कॅनिस्टर (गॉबलेट ठेवलेला दांड्याचा डबा) भांड्याच्या मानेच्या वर आणू नका, कांडी चिमट्याने आठ-दहा सेकंदांत काढा. भांड्याच्या मानेतच तोंडापासून दोन इंच खाली उणे ४० च्या आसपास असतं, तीन इंच खाली उणे ७५-८०, पाच इंचावर कुठे उणे १४० च्या पुढे जातं. कांड्या मानेत बोलत उभं राहून वर उचलून धरणारा माणूस रोज थोडा थोडा ड्राय आइसच वापरत असतो म्हणा ना.

तिसरा फरक मला त्यांच्या पेटीने दाखवला. ती अजून माळ्यावर होती. मी पोराला म्हटलं, तेव्हा कसं ठेवलं होतंस ते आता नुसते रिकामे गॉबलेट घेऊन ठेवून दाखव. त्याने खाली वर्तमानपत्र घातलं, त्यावर ‘ड्राय आइस’ म्हणून फुटाणे पसरले (हे सचिवांच्या टेबलावरचे), वर पुठ्ठा ठेवला, “गॉबलेट लवंडू नये म्हणून”, आणि पुठ्ठ्यावर गॉबलेट उभे केले. म्हणजे कांड्या ड्राय आइसमध्ये पुरलेल्या नव्हत्याच. त्या ड्राय आइसच्या वरच्या हवेत उभ्या होत्या, मध्ये पुठ्ठा. अल्कोहोलमध्ये ड्राय आइस टाकला तर तो द्रव सगळीकडून कांडीला भिडतो. इथे भिडत होती ती पेटीतली हवा. रोज दोनदा झाकण उघडलं की ती हवा आणखी चढायची. कांड्या उणे ७८ लाही कधी पोचल्या असतील का, याचीच मला शंका आहे. उणे पन्नासही मला उदार अंदाज वाटतो.

दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शक घेऊन गेलो. थर्मामीटर लावून पाणी ३७ अंशांवर आणलं, मोठ्या भांड्यातली कांडी ३० सेकंद बुडवली, पुसली, टोक कापलं, कोमट काचपट्टीवर थेंब. चांगल्या कांडीचा थेंब वारूळ फुटल्यासारखा दिसतो. सगळे एकाच घाईत, पुढे पुढे. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे एका मात्रेत २ कोटी शुक्रजंतू असायला हवेत आणि वितळल्यावर निदान निम्मे तरी पुढे पोहत असायला हवेत. त्या थेंबात शेकडो होते, पण स्थिर. दोन-चार जागच्या जागी शेपूट थरथरवत होते. पोराला बघायला लावलं. त्याने डोळा लावला, बराच वेळ काढला नाही. मग लहान भांड्यातली त्याच वळूची कांडी वितळवली. ती पळत होती.

मोठ्या भांड्यातल्या अशा दहा कांड्या तपासल्या. एकीत मात्र बऱ्यापैकी हालचाल सापडली. ती गॉबलेटच्या तळाशी, इतरांच्या मध्ये दाबून बसलेली असावी. बहुधा अशाच कांड्यांनी ती तीन जनावरं गाभण राहिली.

इथपर्यंत प्रकरण साधं होतं. मला खरा धक्का बसला तो पुढच्या प्रश्नाच्या उत्तराने. सहज विचारलं, कांड्या पेटीत हलवल्यावर मोठ्या भांड्याचं काय केलंत?

“तसंच कोपऱ्यात हुतं, झाकण लावून.”

“१३ तारखेला गाडी आली तेव्हा आत काय होतं?”

“तळाला इतकं इतकं हुतं,” त्याने अंगठा आणि तर्जनीत बोटभर फट दाखवली.

३५ लिटरच्या भांड्यात पाच सेंटिमीटर म्हणजे अंदाजे पाच लिटर द्रव. ते भांडं जुनं होतं, दोन भिंतींमधली निर्वात पोकळी थोडी कमजोर झालेली. पट्टीच्या जुन्या नोंदींवरून ते दिवसाला ८०० मिलिलिटर खायचं. धड भांडं दिवसाला पाव लिटरच्या आसपास खातं. उष्णतेत मोजायचं तर अर्धा वॅट, देवघरातल्या एलईडीच्या झिरो बल्बएवढी ऊब फक्त आत शिरते. जेम्स ड्यूअरने १८९२ मध्ये केलेल्या निर्वात बाटलीची ही करामत. घरातला थर्मास तिचाच पुतण्या. आमचं जुनं भांडं दीड वॅट आत घेत होतं. तरी पाच दिवसांत चार लिटरच गेले. एक लिटर उरलं.

म्हणजे कांड्यांना कुणी हात लावला नसता, झाकण उघडलं नसतं, तर त्या त्या भांड्यातच राहिल्या असत्या. तळाशी द्रव आहे तोवर बंद भांड्याच्या खालच्या भागातली वाफही उणे १५० च्या खाली असते. निदान खालच्या थरातल्या कांड्या तरी पुरातून सुखरूप बाहेर आल्या असत्या. आणि ८ तारखेलाच लहान भांडं वर भरून घेतलं असतं तर? ते ३ लिटरचं भांडं नवीन होतं, एकदा भरलं की दोन आठवडे सहज काढायचं. त्यात शंभरावर कांड्या मावतात. मोठ्यातून लहानात नरसाळ्याने ओतायला दहा मिनिटं पुरतात. उपाय मोटरसायकलला बांधलेला होता.

भिंतीवरच्या तक्त्याने घात केला, असं माझं मत. ‘१० सेंटिमीटरच्या खाली जाऊ देऊ नये’ याचा अर्थ ‘तोवर पुरवठा मागवा’ असा. पोराने तो ‘दहाच्या खाली कांड्या मरतात’ असा घेतला. तक्ता लिहिणाऱ्याने कारण लिहिलं नव्हतं आणि वाचणाऱ्याला घाई होती. मी स्वतः असे तक्ते लिहिलेले आहेत, त्यामुळे फार बोलत नाही.

एक गोष्ट राहिली, आणि वीर्यापेक्षा तिची मला जास्त भीती वाटली. ८ तारखेला ड्राय आइस आणताना बोलेरोत भाचा आणि ड्रायव्हर दोघे होते. पाऊस म्हणून काचा वर. पेटी मागच्या सीटवर. अर्ध्या वाटेत ड्रायव्हरचं डोकं ठणकायला लागलं, धाप लागली. त्याला वाटलं पित्त. उलटी होईल म्हणून त्याने गाडी थांबवून दार उघडलं, पाच मिनिटांत बरं वाटलं. त्या पित्ताच्या संशयानेच दोघे वाचले.

एक किलो ड्राय आइसचे वायू होऊन साधारण ५४० लिटर होतात. तासाभरात अर्धा किलो उडाला असं धरलं तरी २७० लिटर. गाडीच्या आतली हवा तीन-साडेतीन हजार लिटर. कागदावर आठ टक्के होतात. फटींतून हवा बदलत असते, म्हणून प्रत्यक्षात कमी. पण ४ टक्के कार्बन डायऑक्साइड हीच जिवाला तत्काळ धोक्याची पातळी धरतात. तो हवेपेक्षा दीडपट जड, खाली साचतो. मागच्या सीटवर कुणी झोपलेलं असतं तर त्याला डोकं दुखायचीही संधी मिळाली नसती. २०२० च्या फेब्रुवारीत, म्हणजे आमच्या प्रकरणानंतर तीनच महिन्यांनी, मॉस्कोत वाढदिवसाच्या पार्टीत धुक्याची मजा म्हणून बंद जागेतल्या तरणतलावात सुमारे २५ किलो ड्राय आइस ओतला आणि तीन माणसं गेली. आकडा वाचला तेव्हा मला ती बोलेरो आठवली. आमच्या गावानेही दोन खेपांत तेवढाच आणला होता.

कार्बन डायऑक्साइड निदान ओरडून सांगतो. श्वास जोरात चालतो, छाती भरून येते. नायट्रोजन काहीच सांगत नाही. हवेत तो ७८ टक्के आहेच, शरीराला तो ओळखीचा. एक लिटर द्रवाचे जवळजवळ ७०० लिटर वायू होतात. संस्थेची ती खोली दहा बाय दहाची, खिडकीला पावसाळ्यात प्लास्टिक. दहा लिटर तिथे सांडले असते तर ऑक्सिजन २१ वरून १६ टक्क्यांच्या आसपास आला असता, आणि भांडं उचलायला वाकलेल्या माणसाला त्याहून कमी मिळाला असता. आत धावत जाणारा दुसरा माणूसही तिथेच पडतो. खिडकीचं प्लास्टिक मी स्वतः फाडलं. झाकणाभोवती वाफ जाऊ नये म्हणून कुणीतरी गुंडाळलेलं फडकंही काढलं. नायट्रोजनच्या भांड्याचं झाकण सैलच असायला हवं. वाफेला वाट दिली नाही तर ती स्वतःची वाट करते.

संस्थेच्या बैठकीत अपेक्षेप्रमाणे आधी माणूस शोधला गेला. एका सभासदाच्या दोन मुऱ्हा म्हशींची पुढची वेतं हुकली होती, त्याचा राग रास्त होता. म्हैस बहुतेक पावसाळ्याच्या शेवटापासून हिवाळ्यापर्यंत माजावर येते. तो हंगाम हुकला की गाईसारखं ‘एकवीस दिवसांनी बघू’ म्हणून भागत नाही. मी नोंदवही पुढे ठेवली आणि एवढंच म्हटलं की या पोराने मो. आणि ल. लिहिलं नसतं तर आपण अजून सहा महिने खनिज मिश्रण घालत बसलो असतो. उरलेल्या कांड्या मोजून, पंचनामा करून नष्ट केल्या. जुनं भांडं दुरुस्तीला पाठवलं. भिंतीवरचा तक्ता पोराने स्वतः नव्याने लिहिला, त्यात ‘दहा सेंटिमीटर : गाडीला फोन’, ‘पाच सेंटिमीटर : ल. भरून घ्या, मो. उघडू नका’ असं आहे. ड्राय आइसचा त्यात उल्लेख नाही. मी विचारलं तर म्हणाला, “लिवलं तर कुणाच्या तरी डोक्यात येईल.”

जुलै २०२१ मध्ये पंचगंगा पुन्हा चढली, शिरोलीजवळ महामार्ग पुन्हा बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन.

“डॉक्टर, मोठ्यात सहा लिटर हाय. लहान भरून घेतलंय, चांगल्या कांड्या त्यात.”

“सहा कशावरून? पट्टी घातलीस?”

“न्हाई. उघडलंच न्हाई. दुदाच्या काट्यावर ठेवलं. रिकामं भांडं वजा केलं. लिटरला आठशे ग्रॅम धरलं.”

“बरं,” मी म्हटलं. “परवा परत वजन कर.”

“रोज करणार हाय.”